लसीकरणात नवा बदल आला की उपकेंद्रात आणि दवाखान्यात काय करायचं

राज्यातल्या लसीकरणाचं वेळापत्रक एकदा पाठ केलं की जन्मभर पुरलं, असं होत नाही. २५ एप्रिल २०१६ ला जुनी तिहेरी पोलिओ लस एका दिवसात बंद होऊन दुहेरी आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली आणि त्यानंतर नियमित सत्रातली साधी गोवर लस जाऊन एमआर आली. २०१९ मध्ये जुलाबापासून वाचवणारी रोटा लस सुरू झाली. त्याच सुमारास धनुर्वाताच्या टीटीची जागा धनुर्वात-घटसर्पाच्या टीडीने घेतली. २०२१ मध्ये न्यूमोनियाची पीसीव्ही आली. १ जानेवारी २०२३ पासून नऊ महिन्यांच्या बाळाला आयपीव्हीचा, म्हणजे टोचायच्या पोलिओ लशीचा, तिसरा डोस सुरू झाला.

नव्याने रुजू झालेल्या आरोग्य सेविका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी यांना प्रशिक्षणात टोचायचं कसं ते शिकवतात. बदल अंमलात आणायचा कसा, हे मात्र बरंचसं तोंडी चालतं. पत्रातली लस समजायला अवघड नसते. चूक होते ती मधल्या बाळांमध्ये (बदल आला तेव्हा ज्यांचे डोस अर्धवट होते), सिरिंजच्या हिशेबात, फ्रिजमध्ये आणि नोंदीत. म्हणून हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे. खासगी बालरोग दवाखान्यांसाठी शेवटी वेगळा भाग आहे, पण शीतसाखळीचा भाग त्यांनीही वाचावा.

सुरुवात करण्यापूर्वी हे हाताशी ठेवा:

- बदलाचं मूळ पत्र आणि सोबतची मार्गदर्शक सूचना, छापील प्रत
- उपकेंद्राचा सूक्ष्म कृती आराखडा आणि चालू महिन्याची ड्यू लिस्ट (कोणाला कोणती लस द्यायची त्याची यादी)
- एमसीपी कार्डाची (माता-बाल संरक्षण कार्डाची) नवी छपाई (जुनी कार्डं किती शिल्लक आहेत तेही मोजा)
- लससाठा रजिस्टर आणि आयएलआरची (लशींच्या खास फ्रिजची) तापमान नोंदवही
- यू-विनचं (लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदप्रणालीचं) चालू लॉगिन
- अ‍ॅनाफिलॅक्सिस किट (लशीनंतरच्या तीव्र अॅलर्जीसाठी), त्यातल्या अ‍ॅड्रेनॅलिनची मुदत तपासून
- हब कटर (वापरलेली सुई कापायचं यंत्र), कायमस्वरूपी खुणेचा मार्कर पेन

पेन क्षुल्लक वाटेल, पण सत्रात सर्वांत जास्त वेळा तोच सापडत नाही.

१. पत्र वाचा, फॉरवर्ड नाही

अधिकृत बदल पुण्याच्या राज्य कुटुंब कल्याण कार्यालयाकडून जिल्ह्याला, तिथून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि मग तुमच्यापर्यंत येतो. महानगरपालिकेत असाल तर मनपाच्या आरोग्य विभागाकडून. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या फोटोत जावक क्रमांक, तारीख आणि सही नसेल तर तो निरोप समजा, आदेश नाही. दुसऱ्या राज्याचं पत्र किंवा बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं वेळापत्रक "नवीन शेड्यूल" म्हणून फिरतं आणि त्यावर कोणी ड्यू लिस्ट बनवून मोकळं होतं. असं करू नका.

पत्र वाचताना या प्रश्नांची उत्तरं समासात लिहून काढा:

लागू तारीख कोणती, आणि ती तारीख लस हातात येण्याच्या आधीची आहे का? नवी लस जुनीच्या जागी आहे की जादा? कोणत्या बाळापासून सुरू करायची? मात्रा, मार्ग आणि शरीरावरची जागा कोणती? जुना साठा वापरून संपवायचा की परत करायचा?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी वेगळं असतं. २०१६ च्या पोलिओ बदलात जुनी लस एकही कुपी न ठेवता गोळा करून नष्ट करायची होती, कारण तिच्यातला दुसऱ्या प्रकारचा विषाणू वापरातून पूर्ण जाणं हाच त्या बदलाचा हेतू होता. "थोडीच उरलीय, संपवून टाकू" हा घरगुती हिशेब तिथे चालत नाही. मागच्या वेळी काय केलं होतं त्यावरून अंदाज बांधू नका.

२. आजचं वेळापत्रक भेटीप्रमाणे लक्षात ठेवा

लशींची यादी पाठ करण्यापेक्षा "हे बाळ आज आलं, तर त्याला काय काय" असं पाठ करा.

जन्मतः: हिपॅटायटिस बी २४ तासांच्या आत, ०.५ मिली, डाव्या मांडीत. पोलिओ झिरो डोस १५ दिवसांच्या आत, दोन थेंब. क्षयरोगाची बीसीजी डाव्या दंडावर, त्वचेच्या आत. महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, त्यानंतर ०.१ मिली, वर्षापर्यंत.

६ आठवडे: पोलिओ, रोटा, पाच रोगांची एकत्र लस पेंटा (डावी मांडी, ०.५ मिली), पीसीव्ही (उजवी मांडी, ०.५ मिली), आयपीव्ही ०.१ मिली त्वचेच्या आत उजव्या दंडावर.

१० आठवडे: पोलिओ, रोटा, पेंटा. इतकंच.

१४ आठवडे: ६ आठवड्यांप्रमाणे सगळं.

९ महिने पूर्ण: एमआर उजव्या दंडावर त्वचेखाली ०.५ मिली, पीसीव्ही बूस्टर, आयपीव्हीचा तिसरा डोस डाव्या दंडावर त्वचेच्या आत, अ जीवनसत्त्व १ मिली म्हणजे १ लाख युनिट. मेंदूज्वराची जेई लस फक्त ठरवून दिलेल्या जिल्ह्यांत. तुमचा जिल्हा त्यात आहे का, ते शेजारच्या तालुक्याला न विचारता जिल्हा कार्यालयाला विचारा, कारण यादीत नव्या जिल्ह्यांची भर पडत असते.

१६ ते २४ महिने: डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओ बूस्टर, एमआर दुसरा, जेई असल्यास दुसरा. अ जीवनसत्त्व आता २ मिली, आणि मग दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत.

५ ते ६ वर्षं: डीपीटीचा दुसरा बूस्टर. १० आणि १६ वर्षं: टीडी.

गरोदर मातेला नोंदणी होताच टीडीचा पहिला, चार आठवड्यांनी दुसरा. मागच्या तीन वर्षांत एखाद्या बाळंतपणात दोन डोस पूर्ण झाले असतील तर फक्त बूस्टर.

जागा ठरलेली का, हे नवख्यांना कोडं वाटतं. कारण सरळ आहे: दोन दिवसांनी आई "इथे सूज आलीय" म्हणून आली तर ती कोणत्या लशीची, हे जागेवरूनच कळतं. पेंटा आणि पीसीव्हीच्या मांड्या अदलाबदल झाल्या तर बाळाला अपाय नाही, पण तपास आंधळा होतो. रोटाची मात्रा मात्र उत्पादकाप्रमाणे बदलते. कुठली पाच थेंब, कुठली २.५ मिली. नवी खेप आली की कुपीवरचं लेबल वाचा, मागच्या महिन्याच्या सवयीने देऊ नका.

३. मधली बाळं: कोणाला नवं, कोणाला जुनं

बदलाच्या महिन्यात सर्वांत जास्त प्रश्न इथे येतात. आजवरच्या बदलांत तीन वेगवेगळे नियम लागले आहेत.

पहिला नियम "मालिका नव्याने सुरू करणाऱ्यापासून". पेंटा आली तेव्हा डीपीटी आणि हिपॅटायटिस बीचा पहिला डोस झालेल्या बाळांची मालिका जुन्याच लशींनी पूर्ण करायची होती. रोटा आणि पीसीव्हीतही सुरुवात पेंटाच्या पहिल्या डोसला आलेल्या बाळापासून. पेंटा-३ ला आलेल्या बाळाच्या आईला "माझ्या बाळाला का नाही?" असं वाटणं साहजिक आहे. उत्तर आधीच ठरवून ठेवा आणि आशाताईंनाही तेच सांगा, म्हणजे दोन घरी दोन उत्तरं जाणार नाहीत.

दुसरा नियम "त्या तारखेनंतर त्या भेटीला आलेल्या प्रत्येकाला". आयपीव्हीचा तिसरा डोस असाच, एमआर-१ सोबत.

तिसरा नियम मोहिमेचा: आधी किती डोस झाले ते न बघता ठरल्या वयोगटातल्या सगळ्यांना. गोवर-रुबेला मोहिमेत ९ महिने ते १५ वर्षं असा गट होता. मोहिमेचा डोस नियमित डोसच्या हिशेबात धरायचा नसतो. कार्डावर तो वेगळा लिहा, नाहीतर पुढची आरोग्य सेविका "एमआर-२ झाला" म्हणून बाळ सोडून देईल.

उशिरा येणाऱ्या बाळांच्या वयोमर्यादा भिंतीवर चिकटवा:

- हिपॅटायटिस बी जन्म डोस: २४ तासांनंतर नाही
- पोलिओ झिरो: १५ दिवसांनंतर नाही
- बीसीजी: १ वर्षापर्यंत
- पेंटा, रोटा, पीसीव्ही: पहिला डोस वर्षाच्या आत झाला असेल तरच मालिका पुढे न्यायची
- तोंडावाटे पोलिओ आणि एमआर: ५ वर्षांपर्यंत
- डीपीटी: ७ वर्षांपर्यंत

एक नियम कधीच विसरू नका: मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची नसते. पेंटा-१ नंतर पाच महिने बाळ आलंच नाही, तर आज पेंटा-२ द्या आणि चार आठवड्यांनी पेंटा-३. नऊ महिन्यांचं, एकही लस न घेतलेलं बाळ आलं तर बीसीजी, पोलिओ, रोटा, पेंटा-१, पीसीव्ही-१, आयपीव्ही, एमआर-१ आणि अ जीवनसत्त्व हे सगळं त्याच दिवशी देता येतं. दीड वर्षाचं तसंच बाळ असेल तर पेंटा नाही. डीपीटी-१, पोलिओ-१, एमआर-१ आणि २ मिली अ जीवनसत्त्व. साधी सर्दी, किरकोळ ताप, जुलाब ही लस टाळायची कारणं नाहीत. "बरं वाटल्यावर आणा" म्हटलेलं बाळ पुष्कळदा थेट नऊ महिन्यांचं होऊनच दिसतं.

४. मागणीपत्र: कुप्यांआधी सिरिंज मोजा

५००० लोकवस्तीचं उपकेंद्र आणि हजारी १५ जन्म धरले तर वर्षाला ७५, म्हणजे महिन्याला सहा बाळं. मागणीचं सूत्र असं: बाळं × डोस × अपव्यय गुणक (अपव्यय म्हणजे वाया जाणारी लस). गुणक काढायचा १०० भागिले (१०० वजा अपव्यय टक्के). ५० टक्क्यांना २, २५ टक्क्यांना १.३३, १० टक्क्यांना १.११.

पेंटा: ६ × ३ × १.११, म्हणजे सुमारे २० डोस, दहा डोसांच्या दोन कुप्या. बीसीजी: ६ × १ × २, बारा डोस, पुन्हा दोन कुप्या. एमआर: ६ × २ × १.३३, सोळा डोस. पाच डोसांच्या कुप्या असतील तर चार.

कागदावरचा हिशेब सत्रांच्या संख्येशी पडताळून घ्या. एमआर उघडल्यावर चार तासांत फेकावी लागते. महिन्यात तीन गावांत सत्रं असतील तर प्रत्येक ठिकाणी किमान एक कुपी हवी, मग तिथे एकच बाळ असलं तरी. एका बाळासाठी कुपी उघडायला परवानगी आहे. बाळ परत पाठवायला नाही.

आता बदलाचं उदाहरण घ्या. आयपीव्ही दोनाची तीन झाली तेव्हा लशीची गरज सरळ दीडपट झाली, हे सगळ्यांना दिसतं. पण तिच्यासाठी ०.१ मिलीची ऑटो डिसेबल (एकदा वापरली की आपोआप बाद होणारी) सिरिंज लागते, आणि तीच बीसीजीलाही लागते. एका बाळाचा हिशेब आधी एक अधिक दोन होता, तो एक अधिक तीन झाला: तीनऐवजी चार. लस आली, सिरिंज जुन्याच आकड्याने आली, आणि सत्र अडलं, असा प्रकार टाळायचा असेल तर पत्र हाती पडल्याच्या दिवशीच सिरिंजचा आकडा बदलून कळवा. ०.५ मिलीच्या सिरिंज जेई नसलेल्या जिल्ह्यात एका बाळाला दोन वर्षांत दहा लागतात: हिपॅटायटिस बी १, पेंटा ३, पीसीव्ही ३, एमआर २, डीपीटी बूस्टर १. मिसळण्याच्या ५ मिलीच्या सिरिंज विरघळवायच्या कुप्यांइतक्या, एका कुपीला एक.

आरोग्य केंद्रात एका महिन्याची गरज अधिक २५ टक्के राखीव एवढाच साठा ठेवा. "असू दे जास्त" म्हणून भरलेल्या आयएलआरमध्ये हवा फिरत नाही आणि तळाची खेप मुदत संपल्यावर सापडते.

५. शीतसाखळी: उन्हापेक्षा बर्फाला जास्त भ्या

नवख्यांचं लक्ष लस गरम होण्याकडे असतं. प्रत्यक्षात पेंटा, हिपॅटायटिस बी, पीसीव्ही, डीपीटी, टीडी आणि आयपीव्ही या लशी गोठल्या की कायमच्या गेल्या. हिपॅटायटिस बी तर उणे ०.५ अंशालाच गोठते. आणि कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे वर्तुळातला चौकोन, फक्त उष्णता दाखवतो. गोठून वाया गेलेल्या कुपीवरचा चौकोन पांढराशुभ्र असू शकतो.

आयएलआर अधिक २ ते अधिक ८ अंश, डीप फ्रीझर उणे १५ ते उणे २५. प्राथमिक आरोग्य केंद्रात डीप फ्रीझर फक्त आइसपॅक गोठवायला. तोंडावाटे पोलिओसुद्धा इथे आयएलआरमध्येच. आयएलआरच्या तळाशी थेट काही ठेवू नका, टोपल्या वापरा. पोलिओ, एमआर, बीसीजी, जेई खाली, गोठण्याचं भय असलेल्या वर. मिसळायचं द्रावण सत्राच्या किमान २४ तास आधी आयएलआरमध्ये गेलं पाहिजे. तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, रविवारी आणि दिवाळीलाही. महिनाभर सगळीकडे "४, ४, ४" लिहिलेली नोंदवही पाहिली की तपासणीला आलेला माणूस आधी थर्मामीटरच काढून बघतो.

आता आइसपॅक. उणे २० च्या फ्रीझरमधून काढलेला पॅक थेट व्हॅक्सिन कॅरियरमध्ये घातला तर त्याला टेकलेली पेंटा गोठते. म्हणून तो आधी टेबलावर मोकळा ठेवून घाम फुटू द्यायचा. मग उचलून कानाशी हलवा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, की पॅक तयार. किती मिनिटं लागतात, असं विचारू नका. मे महिन्यात चंद्रपुरात आणि डिसेंबरात नाशकात वेळ सारखा लागत नाही. घड्याळ सोडा, आवाज ऐका. पॅक बाहेरून पुसून कोरडे करा, चार पॅक चार बाजूंना लावा, कुप्या झिपच्या पिशवीत घालून मध्ये ठेवा. एका कॅरियरमध्ये १६ ते २० कुप्या बसतात. सकाळी लस पोचवणाऱ्याची गाडी दारात उभी राहून हॉर्न वाजवत असते आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. त्याला पाच मिनिटं थांबवा, चहा द्या, पण पॅक कच्चा पाठवू नका.

सत्रात एक आइसपॅक बाहेर काढून त्याच्या खळग्यात उघडलेली बीसीजी किंवा एमआर ठेवतात, ते बरोबर. पेंटा, टीडी, पीसीव्ही त्यावर ठेवायच्या नाहीत.

व्हीव्हीएम वाचायला सोपा: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेपर्यंत लस वापरा. रंग सारखा झाला की फेका. पावडरच्या लशींवर तो झाकणावर असतो आणि कुपी उघडताच जातो. तिथून पुढे घड्याळ हेच मापक.

६. सत्राच्या टेबलावर

कुपी उघडताच तिच्यावर तारीख आणि वेळ लिहा. हाच तो मार्कर.

बीसीजी, एमआर, जेईची पावडर मिसळल्यावर चार तास किंवा सत्र संपेपर्यंत, जे आधी होईल ते. या लशींत जंतुनाशक नसतं. शिळ्या एमआरमध्ये वाढलेल्या जंतूंच्या विषाने बाळं दगावल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत, म्हणून "अजून दोनच डोस उरलेत" हे कारण मान्य नाही. द्रावण त्याच उत्पादकाचं, त्याच लशीचं. त्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर, सलाईन किंवा कपाटातली दुसरी कुपी कधीही नाही.

पेंटा, हिपॅटायटिस बी, डीपीटी, टीडी, पीसीव्ही, आयपीव्ही आणि पोलिओच्या उघडलेल्या कुप्या २८ दिवसांपर्यंत पुन्हा वापरता येतात. अटी: मुदत शिल्लक, व्हीव्हीएम चांगला, तापमान योग्य, सुई निर्जंतुक, आणि रबराचं बूच पाण्यात बुडालेलं नसावं. ही शेवटची अट झिपची पिशवी न वापरल्याने मोडते. आइसपॅकचं पाणी तळाशी साचतं आणि कुप्या त्यात पोहतात. पोहलेली कुपी बाद.

ऑटो डिसेबल सिरिंजने कुपीत हवा भरायची नाही. तिचा दट्ट्या एकदाच मागे येतो. हवेसाठी ओढला की सिरिंज गेली. नव्या भरतीत पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त सिरिंज अशाच जातात.

तोंडावाटे द्यायच्या लशी आधी, बाळ शांत असताना. सुया नंतर. त्वचेच्या आत द्यायच्या लशीला सुई जवळजवळ त्वचेला समांतर, भोक वर. लस जाताना मोहरीपेक्षा मोठा, पांढरट, संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा दिसतो. दिसला नाही आणि दट्ट्या सहज सरकला, तर सुई खोल गेली. आयपीव्हीची कुपी पाहून काही जण सवयीने ०.५ मिली भरतात. कार्यक्रमात मात्रा ०.१ आहे, सिरिंजही ०.१ चीच उचला. त्वचेला स्पिरिट नको. जागा मळलेली असेल तर स्वच्छ पाण्याच्या बोळ्याने पुसा.

टोचून झालं की टोपण परत लावायचं नाही. थेट हब कटर. कापलेली सिरिंज लाल पिशवीत, काचेच्या कुप्या निळ्या डब्यात, वेष्टनं साध्या कचऱ्यात. गावात काहीही जाळायचं किंवा पुरायचं नाही, सगळं केंद्रात परत. पुन्हा न वापरायच्या उघड्या कुप्याही लगेच फेकू नका. "वापरू नये" लिहिलेल्या बंद पिशवीत आयएलआरमध्ये ४८ तास किंवा पुढच्या सत्रापर्यंत, जे आधी येईल तोवर ठेवा. एखादं बाळ रात्री आजारी पडलं तर तपासाला हीच कुपी लागते.

७. अर्धा तास आणि त्यानंतर

बाळाला ३० मिनिटं बसवून ठेवा. त्या वेळात आईला चार गोष्टी सांगा: आज कोणत्या लशी दिल्या आणि कशासाठी, पुढची तारीख व ठिकाण, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, कार्ड जपून पुढच्या वेळी आणायचं. नवी लस आली असेल तर पहिल्या मुद्द्यावर थोडं जास्त थांबा. "अजून एक सुई का?" हा प्रश्न आई तोंडाने विचारतेच असं नाही. कधी ती पुढच्या सत्राला येतच नाही.

अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये अंगावर गांधी, श्वासाला त्रास, झपाट्याने ढासळणारी प्रकृती दिसते. वयाप्रमाणे अ‍ॅड्रेनॅलिनचा तक्ता किटमध्येच असतो. तो डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. एक डोस मांडीच्या स्नायूत, लगेच १०८ ला फोन, वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन. शाळेत टीडी देताना मुलं घाबरून चक्कर येऊन पडतात, ते वेगळं. त्यांना बसवूनच टोचा आणि पडल्यास आडवं करून पाय उंच करा.

मृत्यू, दवाखान्यात भरती, अपंगत्व, एकाच सत्रातल्या अनेक बाळांना त्रास, किंवा गावात खळबळ: ही सगळी गंभीर प्रकरणं. तुम्ही फोनवर तात्काळ कळवायचं, २४ तासांत केस रिपोर्टिंग फॉर्म वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत वर जायला हवा. कारण लसच आहे की नाही हे ठरवणं तुमचं काम नाही, ते समितीचं. नव्या लशीच्या पहिल्या काही महिन्यांत साधा ताप आणि सूजही रजिस्टरमध्ये लिहा.

८. नोंद: कार्ड, रजिस्टर, यू-विन

तिन्ही ठिकाणी त्याच दिवशी. जुन्या कार्डावर नव्या डोसचा रकाना नसेल तर रिकाम्या जागी हाताने रकाना आखा आणि लशीचं पूर्ण नाव लिहा. समासात नुसती टिक मारली तर पुढच्या सत्रात तिचा अर्थ कोणालाच लागत नाही.

यू-विनमधली महाराष्ट्रातली खास अडचण म्हणजे माहेर-सासर. पहिलं बाळंतपण माहेरी, जन्म डोस तिथल्या नोंदीत भावाच्या मोबाइलवर, आणि सहा आठवड्यांनी सासरी आल्यावर नवऱ्याच्या मोबाइलवर दुसरी नोंद. एकच बाळ दोनदा, आणि दोन्हीकडे अर्धवट. म्हणून नवी नोंद करण्याआधी आईच्या नावाने, तिच्या जुन्या नंबरने शोधा. गरोदरपणातच आईची नोंद असेल तर प्रसूतीची माहिती त्याच खात्यात भरून बाळ जोडा. "बेबी ऑफ" असं नाव राहिलेली बाळं नामकरणानंतर दुरुस्त करा. शाळाप्रवेशाला प्रमाणपत्र काढताना पालक त्याच नावासाठी चकरा मारतात.

महिन्याअखेरीस एकच आकडा काढा: पेंटा-१ मधून पेंटा-३ वजा करा, त्याला पेंटा-१ ने भागा, शंभराने गुणा. दहाच्या वर गेला तर बाळं सुरुवात करून गळत आहेत. कोणत्या वस्तीत, ते ड्यू लिस्टवर बोट ठेवून शोधा.

९. आराखड्यात नसलेली बाळं

गळती बहुधा गावठाणात नसते. ती पालावर, वीटभट्टीवर, बांधकामावर आणि उसाच्या फडात असते. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतल्या ऊसतोड जोड्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला निघतात आणि हंगाम संपेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतात. जून-जुलैत जन्मलेल्या बाळाचे १४ आठवड्यांचे डोस आणि त्यापुढचा नऊ महिन्यांचा डोस यांच्या मधला सगळा काळ फडावर जातो.

तुम्ही निघणाऱ्या गावात असाल तर मुकादमाकडून टोळीची यादी घ्या, निघण्याआधी जास्तीचं सत्र लावा आणि कार्ड कोयत्याबरोबर जाईल हे बघा. तुम्ही कारखान्याच्या भागात असाल तर टोळ्या उतरल्यावर पहिल्या पंधरवड्यात खोपट्यांची यादी करा. सत्र सकाळी दहाला ठेवलं तर कोणी सापडत नाही. ते पहाटे फडात जातात. गाड्या कारखान्यावर खाली होण्याची वेळ किंवा संध्याकाळ धरा. कार्ड नसेल तर आईची आठवण आणि बीसीजीचा व्रण बघून ठरवा. शंका राहिली तर डोस द्या, जादा डोसने अपाय नाही, चुकलेल्याने होतो. अशा वस्त्यांत वर्षाला किमान चार सत्रं हवीतच.

१०. खासगी दवाखान्यांसाठी

तुमचं वेळापत्रक वेगळं असू शकतं: सहा रोगांची एकत्र लस, नऊ महिन्यांना एमएमआर, टायफॉइड. त्यात गैर काही नाही. बाळ पुढे सरकारी सत्राला गेलं तर तिथल्या आरोग्य सेविकेला ब्रँडच्या नावावरून काही कळत नाही, म्हणून कार्डावर घटक लिहा. नऊ महिन्यांना दिलेली एमएमआर एमआर-१ म्हणून धरली जाते, पण लिहिलेली असेल तरच.

घरगुती फ्रिज वापरत असाल तर दारात लस ठेवू नका, फ्रीझरच्या खालच्या कप्प्यातही नको. मधल्या कप्प्यात थर्मामीटरसह ठेवा आणि त्यात डबे, पाण्याच्या बाटल्या, औषधांचे नमुने नकोत. रविवारी दवाखाना बंद असताना वीज गेली तर कोण बघणार, हे नाव कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

लशीनंतरची गंभीर घटना कळवणं तुम्हालाही लागू आहे. पंधरा वर्षांखालील मुलाला अचानक आलेला लुळेपणा आणि तापासह पुरळ, हेही त्याच दिवशी जिल्ह्याला किंवा मनपाला कळवा. लुळेपणात लक्षणं सुरू झाल्यापासून १४ दिवसांत, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यावे लागतात. "आधी एमआरआय बघू" म्हणण्यात हे दिवस निघून जातात. यू-विनवर दवाखान्याची नोंदणी करायची असेल तर दवाखान्याच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत घेऊन जिल्हा माता व बाल संगोपन अधिकाऱ्यांच्या किंवा मनपाच्या लसीकरण कक्षाशी बोला. बदलांची पत्रं पाठवायच्या यादीत दवाखान्याचा ई-मेल घालायला त्याच भेटीत सांगा.